पारोळ्याच्या मुलाचा कोट

आमच्या घराण्यात कॉम्प्युटर कळणारी बाई म्हणजे मी. धुळ्याच्या ऑफिसात माझ्या टेबलावर कॉम्प्युटर आहे आणि त्याच्यासमोर मी वर्षानुवर्षं बसते, एवढीच माझी पात्रता. पण जळगावच्या माझ्या धाकट्या भावाला वाटतं, अक्काने दोन बटणं दाबली की जगातली कुठलीही गोष्ट बाहेर येते. त्याच्या मुलीसाठी पारोळ्याचं स्थळ आलं, तेव्हा मुलाचा फोटो मला पाठवून त्याने लगेच फोन केला.

"अक्का, हा फोटो नेटवर टाकून बघ ना. पोरगा कसा आहे ते निघतं म्हणे. आणि सगळं फुकट."

पूर्वी स्थळाची चौकशी करायची म्हणजे कोणीतरी त्या गावाला जायचं, शेजारीपाजारी चहा प्यायचं आणि हळूच विषय काढायचा. आता जायचं कुठे नाही, फोटो मात्र टाकायचा. दुसरं कोणी असतं तर मी उडवून लावलं असतं. पण भाचीने मला आधीच हळूच सांगून ठेवलं होतं. मुलाचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे, दोनदा फोनवर बोलणं झालंय. "आत्या, आधीचे सगळे स्वतःबद्दलच बोलायचे. ह्याने मला विचारलं, आणि मग गप्प बसून ऐकलं." इतक्या स्थळांना नाक मुरडलेली ही पोर हे सांगताना चक्क लाजली होती. मला तेव्हाच तो मुलगा आवडून गेला.

म्हणून त्या संध्याकाळी मी फोन घेऊन बसले. फोटोत निळा कोट, लाल टाय, हाताची घडी, मनगटावर जाडजूड घड्याळ, मागे परदेशातली असावी अशी हिरवीगार बाग. पहिल्या साइटवर 'फोटो टाका' असं मोठं बटण होतं. ते दाबलं की रमी उघडायची. बंद करायला फुलीवर बोट ठेवलं की तीही जाहिरातच. दुसऱ्या साइटला मी माणूस आहे याचाच पुरावा हवा होता. चित्रांतले सिग्नल ओळखा म्हणे. ओळखले. मग झेब्रा क्रॉसिंग, मग जिने, मग परत सिग्नल. आमच्या चौकातला सिग्नल आठवड्यातून चार दिवस बंद असतो, मी काय ओळखणार? तिसरीने फोटो घेतला, बराच वेळ चाक गरगर फिरवलं आणि उत्तरं दाखवली ती सगळी धुरकट. स्पष्ट बघायची तर पैसे भरा. फुकट या शब्दाचा एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. मधेच फोन ओरडला की तुमच्यात व्हायरस शिरलाय, इथे दाबा. मी त्याला मोठ्याने शिवी दिली, शेजारणीने खिडकीतून बघितलं.

चौथ्या ठिकाणी एकदाचं उत्तर मिळालं, आणि ते बघून मी चक्रावलेच. तोच निळा कोट, तोच टाय, तीच हाताची घडी, तेच घड्याळ, तीच बाग. वर तोंड मात्र भलत्याचंच. खाली दुसरा, तिसरा, टक्कल पडलेला एक, मिशीवाला एक. सगळ्यांनी एकच कोट घालून एकाच बागेत हाताची घडी घातलेली. मग लक्षात आलं आणि हसूच फुटलं. स्टुडिओवाले तयार कोटावर गिऱ्हाइकाचं तोंड बसवून देतात, त्यातला हा प्रकार. ज्याला रोज नळ्या उचलायच्यात तो कोट आणणार कुठून?

मी भावाला ते चित्र पाठवलं आणि फोनवर सगळं समजावून सांगितलं. त्याला हसू आलं नाही.

"म्हणजे फोटो खोटा."

"कोट खोटा. मुलगा खरा आहे."

"जो कोट खोटा दाखवतो अक्का, तो दुकानही खोटं दाखवेल."

मी तासभर डोकं फोडलं. उपयोग शून्य. दुसऱ्या दिवशी बघते तर माझ्याच शोधाचं चित्र आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर, वर भावाची ओळ: 'सावधान. पारोळ्याच्या मुलाचा फोटो बनावट. नेटवर पुरावा सापडला.' खाली काकांचे, मावसभावांचे जोडलेले हात, रागाने लाल झालेले चेहरे. एकाने तर 'वेळीच वाचलो' असंही लिहिलं होतं. हा कोणापासून वाचला, देव जाणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काढून टाक म्हणून फोन केले, तो उचलेना.

रविवारी एसटी धरून मी जळगावला निघाले. गाडी पारोळ्याला थांबली, कंडक्टर चहाला उतरला. मी खिडकीशी बसून त्या मुलाच्या दुकानाचं नाव फोनवर शोधत होते, म्हणजे भावाच्या तोंडावर मारता येईल. नेटला रेंज नव्हती. उतरून पानटपरीवर विचारलं असतं तर कोणीही बोट दाखवलं असतं, हे गाडी एरंडोलच्या पुढे गेल्यावर सुचलं. स्वतःचाच संताप आला.

घरात भाचीचे डोळे सुजलेले. भाऊ पेपर उघडून बसलेला. मी तोंड उघडायच्या आत भाची म्हणाली, "आत्या, तुझ्या त्या साइटवर आता माझा फोटो टाक."

तिच्या बायोडाटावरचा फोटो मी बघितला होता. हिरवी पैठणी, गळ्यात भरगच्च हार, शेजारी पितळी समई. मी टाकला. चाक फिरलं. तीच पैठणी, तोच हार, तीच समई, आणि वर सहा-सात वेगवेगळ्या मुली.

"मी गेले तेव्हा अंगात पंजाबी ड्रेस होता," ती बापाला म्हणाली. "स्टुडिओवाल्याने विचारलं, साडी चढवू का? तुम्हीच हो म्हणालात, पप्पा. आता टाका ग्रुपवर. जळगावची मुलगी बनावट."

भावाने पेपर बाजूला ठेवून त्या मुली एकेक करून बघितल्या. मग त्याने पारोळ्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"भाऊ, तुमना निरोप पोचना आम्हले," मुलाचे वडील म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्याचंच जास्त वाईट वाटलं. "आम्हना साडूनी धाडा. मन्हा पोऱ्या फसव्या नही शे."

भावाची ग्रुपवरची ओळ साडूच्या फोनवरून त्यांच्यापर्यंत पोचली होती. भाऊ चाचरायला लागला. तेवढ्यात भाचीने त्याच्या हातातून फोन घेतला. शहरात वाढलेली ही मुलगी घरात कधी अहिराणी बोलत नाही. त्या दिवशी बोलली.

"आबा, मी बोलस. कोट खोटा व्हता हाई खरं शे. पन मन्ही साडी बी खोटीच शे. तुम्ही तेस्ले घरना कपडावर लई या. मी बी घरना कपडावरच ऱ्हासू."

मला वाटलं, जमलं.

"बेटा, तू गोड बोलनी," ते म्हणाले. "पन उशीर व्हयी गया. काल अमळनेरवालास्ले आम्ही शब्द दी टाका."

तिने "बरं आबा" म्हटलं, फोन बापाच्या हातात ठेवला आणि आत गेली. मला त्या क्षणी भावाला झोडपून काढावंसं वाटत होतं, पण त्याचं तोंड बघून हात उचलला नाही.

"अक्का," तो म्हणाला, "तो मेसेज काढता येतो का गं?"

मी त्याच्याच फोनवर ग्रुप उघडून तो मेसेज दाबून धरला. सगळ्यांच्या फोनमधून काढायची मुदत संपून गेली होती. खाली एवढंच लिहून आलं: 'फक्त माझ्यासाठी हटवा'. भावाने ते दोनदा वाचलं आणि दाबलं.