घरात न ठेवायचा फोटो

माझ्या हातून निघालेला पहिला चांगला फोटो मी पस्तीसेक वर्षं कुणाला दाखवला नाही. तो होता पासपोर्टचा, म्हणजे ज्या फोटोला जगात कुणीच चांगला म्हणत नाही त्यातला.

खडकी बाजारात आमचा स्टुडिओ. वडिलांनी काउंटरमागे पाटी लावली होती: 'आपण जसे आहात तसेच दिसाल. तक्रार घरी करावी.' लोक पाटी वाचून हसायचे आणि फोटो हातात आला की तक्रार करायचेच. गिऱ्हाईक बहुतेक दारूगोळा कारखान्यातलं, काही लष्करातलं. वर्षातून एकदा हजला निघालेली मंडळी यायची. जायच्या आधी अर्जासाठी पांढऱ्या पडद्यापुढे बसायची आणि परतली की कॅमेऱ्यातला रोल धुवायला आणून द्यायची.

मक्का-मदिना मी पाहिली ती अशी, डार्करूमच्या लाल दिव्याखाली, ट्रेमधल्या कागदावर हळूहळू उमटताना. मशिदीच्या आत कॅमेरा नेऊ देत नसत, त्यामुळे बहुतेक फोटो बाहेरचे. मिनाचे तंबू, अराफातच्या मैदानातली गर्दी, बसच्या टपावरची बोचकी, कबुतरं, चपलांचे ढीग. एखाद्याने पिशवीत लपवून कॅमेरा आत नेलेला असायचा. त्याचा काबा हमखास तिरका, आणि कोपऱ्यात कुणाचा तरी खांदा. वडील एनलार्जरखाली कागद फिरवून तो सरळ करून द्यायचे. "एवढ्या लांब जाऊन वाकडा काढलाय, निदान खडकीत तरी सरळ होऊ दे," असं पुटपुटायचे. काब्यावरचं वस्त्र करडं आलं तर तो कागद टाकून दुसरा करायचे. मी एकदा म्हणाले, कोण बघतंय एवढं. तर म्हणाले, "ज्याचा आहे तो बघतो." रोज सोवळं नेसून पूजा करणारा माणूस दुसऱ्याच्या देवाच्या दारातला काळा रंग नीट यावा म्हणून कागद वाया घालवायचा. वडिलांची आठवण आली की मला हेच आधी दिसतं.

अशाच एका वर्षी कारखान्यातल्या एका कामगाराची बायको अर्जाच्या फोटोसाठी आली. बाई पन्नाशीच्या. माहेर फलटणकडचं, त्यामुळे मराठी अस्सल देशावरची. बरोबर आलेला तरुण मुलगा नुकताच कारखान्यात चिकटला होता. तो बाहेर थांबला. बाई स्टुलावर बसल्या, वडिलांकडे एकदा बघितलं आणि उठल्या.

"मी कधी काढला न्हाई फोटू. आन् परक्या गड्यासमोर तर न्हाईच."

वडिलांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि चहाला निघून गेले. तोवर मी फक्त प्रिंट वाळत घालायचं काम करत होते. स्टँडवरच्या कॅमेऱ्यामागे उभी राहिले तेव्हा बाईंपेक्षा जास्त घाम मला आला होता. हनुवटी वर, डोळे मिटू नका, इकडे बघा, सगळं सांगून झालं. पाच वेळा खटका दाबला आणि पाचही वेळा डोळे मिटलेले. शेवटी वैतागून विचारलं, "मावशी, तिथे पोचल्यावर पहिल्यांदा काय बघणार?"

"पोचू तर दे की. इतकी वर्सं पुन्यात ऱ्हाते, पर खडकीच्या पल्याड काय हाय ते मला ठावं न्हाई." एवढं बोलून त्या हसल्या नाहीत, पण चेहरा मोकळा झाला. आणि त्यांनी थेट माझ्याकडे बघितलं. तेव्हा मी खटका दाबला.

निगेटिव्ह उजेडाकडे धरून वडील बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पासपोर्टला एवढा चेहरा लागत नाही." त्यांच्याकडून मला मिळालेलं कौतुक म्हणायचं तर एवढंच. मी अर्जाच्या प्रती करून दिल्या आणि स्वतःसाठी पोस्टकार्डाएवढी एक प्रिंट काढून पाकिटात घालून काउंटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवली.

हजहून परतल्यावर त्या आल्या. माझ्यासाठी खजूर आणि मक्केतल्या झमझम विहिरीच्या पाण्याची इवलीशी बाटली आणली होती. ती हातात देऊन बाकावर बसल्या.

"पोरी, ती काळी पट्टी दे आता. माजं काम झालं."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. नमाज होते त्या घरात माणसाची तसबीर त्या ठेवत नसत. अर्जाला लागला म्हणून काढला, एरवी काढलाच नसता. पासपोर्टच्या ज्या पुस्तकावर तो डकवला होता ते त्यांनी परतल्या दिवशीच न्हाणीच्या बंबात घातलं होतं. आता तेवढी पट्टी उरली होती.

"निगेटिव्ह स्टुडिओ देत नाही. नियम आहे," वडील म्हणाले.

"मग मी बसते," बाई म्हणाल्या.

आणि बसल्या. आमच्या वडिलांनी भल्याभल्या पुणेकरांना बसवून परत पाठवलं होतं, पण या बाई ना चिडत होत्या ना वाद घालत होत्या. कारखान्याचा दुपारचा भोंगा झाला तेव्हा वडील उठले आणि मला म्हणाले, "काप त्यांच्यासमोर." मी निगेटिव्ह कापली. त्यांनी तुकडे गोळा करून रुमालात बांधले.

"अजून कुठं हाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

ड्रॉवर त्यांच्या कोपराखालीच होता. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, भलं होवो म्हणाल्या आणि गेल्या. तीन वर्षांनी त्या वारल्याचं बाजारात कळलं. प्रिंट माझ्याकडेच राहिली. इतका चांगला चेहरा फाडायची माझी हिंमत झाली नाही, दुसरं काही कारण नव्हतं.

पुढे वडील गेले, रोल गेला, डार्करूमच्या जागी झेरॉक्सचं मशीन आलं. आता मंडळी तिथून व्हिडिओ कॉल करतात आणि घरचे इथे चहा पिता पिता काबा बघतात. छान आहे की. मला मात्र त्या ट्रेमधल्या मक्केची फार आठवण येते, आणि शेजारी उभं राहून "अजून थोडा काळा येऊ दे" म्हणणाऱ्या वडिलांची.

दोन वर्षांपूर्वी त्या बाईंचा मुलगा दुकानात आला. कारखान्यातून निवृत्त झालेला, दाढी पांढरी. तो आणि त्याची बायको हजला निघाले होते, म्हणून फोटो हवे होते. ते काढून झाल्यावर बायकोला पुढे पाठवून तो मागे रेंगाळला.

"ताई, आईचा फोटो इथेच काढला होता. काही शिल्लक असेल का हो?"

"त्यांनी निगेटिव्ह कापून घेतली होती," मी म्हणाले. ते खरंच होतं.

"मला माहीत आहे. तरी विचारलं." मग म्हणाला, "आवाज आठवतो. भाकरी थापतानाचे हात आठवतात. चेहरा आठवत नाही. असं होतं का हो कुणाचं?"

होतं, मी म्हणाले. फोटो कुठे नाही हा त्याच्या आईला दिलेला शब्द पाळतेय अशी मी स्वतःची समजूत घातली. शब्द तर मी त्याच दिवशी मोडला होता. तो गेल्यावर मला दिवसभर जेवण गेलं नाही.

हजहून परतल्यावर तो खजूर घेऊन आला. काउंटरवर मोबाइल ठेवून फोटो दाखवू लागला. मी इतक्या लोकांचे हजचे फोटो पाहिलेत, पण असे पाहिले नव्हते. त्याचा स्वतःचा एकही नाही, बायकोचाही नाही. संगमरवराची फरशी. एक खांब. एक पायरी. नळांची रांग. डोंगराखालची मोकळी जागा. दोन माणसांमध्ये सुटलेली वीतभर जागा. मी विचारलं, हे काय काढलंय?

"आई कुठे उभी राहिली असेल, काय माहीत. म्हणून सगळ्या जागांचे काढले," तो म्हणाला. "आता बघत बसतो. जागा आहेत सगळ्या. तिथे उभी करायला आई नाही दिसत."

मी उठले आणि ड्रॉवरमधून पाकीट काढून त्याच्यासमोर ठेवलं.

त्याने प्रिंट बाहेर काढली. मग म्हणाला, "केवढी लहान आहे हो. माझ्यापेक्षा लहान."

मी त्याला सगळं सांगितलं. त्याच्या आईने विचारलं होतं, मी नाही म्हणाले होते, आणि हजला जायच्या आधी त्यालाही टाळलं होतं. तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने डोळे पुसले आणि प्रिंट नीट पाकिटात घालून माझ्याकडे सरकवली.

"घरी नाही नेणार. तिला घरात नको होता."

"मोबाइलवर तरी काढून घ्या."

"मोबाइल घरातच असतो ना, ताई. इथेच राहू दे. मी येत जाईन."

तेव्हापासून तो शुक्रवारी नमाजनंतर येतो. मी पाकीट काढून देते आणि समोरच्या टपरीवर चहाला जाते, कारण तो फोटो त्याला माझ्यासमोर बघायचा नसतो हे मला न सांगता कळतं. दहा मिनिटांनी परत येते तेव्हा पाकीट काउंटरवर असतं आणि तो मशिदीतल्या, बाजारातल्या गप्पा मारायला लागतो. भाची म्हणते, आत्या, दुकान भाड्याने देऊन टाक, किती दिवस बसणार. मी तिला काहीतरी कारण सांगते.

त्या बाईंशी मी खोटं बोलले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि त्याची टोचणी मला जन्मभर राहणार आहे. पण कधी चहा लवकर संपतो, मी दारापाशी येते, आणि आत साठी उलटलेला माणूस आईकडे बघत बसलेला दिसतो. बाई आज पुन्हा समोर येऊन बसल्या आणि अजून कुठं हाय का म्हणाल्या, तर मी पुन्हा नाहीच म्हणेन.