पाणी बसते

पायाला भिंगरी लागल्यासारखी मी दिवसभर शाळेत फिरत असते. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी रोज म्हणतात, मॅडम, बसा ना जराशा. पण त्यांच्या स्वयंपाकखोलीच्या ओट्यावर बसलं की समोर शाळेची विहीर दिसते, आणि मी उठते.

अल्लीपूरच्या पुढे आमची शाळा. मी सांगलीकडची, नोकरीसाठी इकडे आले. शाळेमागे तेव्हा पाणथळ जागा होती. कमरेएवढा लव्हाळा, त्यात पाणकोंबड्या, आणि बेडकांचा असा गलका की शिकवताना ओरडावं लागायचं. मेली ती जागा माझ्या डोळ्यांत खुपायची. मावशींना विचारलं, तिथं नेहमी पाणी असतं का? "हो ना, तिथं पाणी बसते," त्या म्हणाल्या. झालं! मला वाटलं, बसतं म्हणजे साचतं, सडतं. ग्रामपंचायतीला अर्ज ठोकला: पाणी साचते, डास होतात, मुरूम टाकून भरण करावे. भरण झालं. शाल-नारळ देऊन माझा सत्कारही झाला.

त्याच वर्षी मी मुलांना फळ्यावर पाणथळ जागांचं महत्त्व लिहून देत होते. या जागा पाणी धरून ठेवतात, जमिनीत मुरवतात. मुलांनी पाठ केलं. बाईंच्या डोक्यात शिरलं असेल तर शपथ!

डास उलट वाढले. अळ्या खाणारे मासे, बेडूक गेले, आणि पाणी शाळेच्या अंगणात डबकी करून राहू लागलं. पुढच्या उन्हाळ्यात विहीर आटली, ती आता दरवर्षी होळीलाच आटते. मावशी खिचडीसाठी वेशीजवळच्या नळावरून हंडे आणतात. एकदा त्या वाटेतच गुडघा धरून बसल्या. मी हंडा घेतला, तेव्हा कुठं त्यांनी सांगितलं, "बसते म्हंजे थांबते, मॅडम. थांबते अन् मंग विहिरीत उतरते. तुमी इचारलंच नाई." मला रडू आलं, रागही आला. माझाच.

यंदा पंचायतीनं त्या भरणावर गट्टू, म्हणजे सिमेंटच्या फरश्या, बसवायचं ठरवलं. मग तिथं पाणी मुरणारच नाही, विहिरीची आशाच संपली. ग्रामसभेत मी उठून म्हणाले, गट्टू नको, भरणच काढा. एका सदस्यानं शांतपणे फाईल उघडली आणि माझाच जुना अर्ज वाचून दाखवला. लोक हसले. माझे कान तापले.

"अक्षर माझंच आहे," मी म्हणाले, "शब्द चुकला. साचते नाही, बसते."

सभेत कधीच न बोलणाऱ्या मावशी मागून उठल्या. "मॅडमले तवा आपली बोली समजे नाई. आता समजते. माह्या गुडघ्यायले इचारा."

गट्टू टळले. जेसीबी लावून मुरूम निघाला. पण इतकी वर्षं दबलेली जमीन पाणी घ्यायला तयार नाही. पाऊस येतो, पाणी उताराला लागून निघून जातं. नाल्यातून चार ठोंब लव्हाळा आणून मी लावला, दोन पिवळे पडले. विहिरीचा तळ अजून दिसतो, आणि माझ्या निवृत्तीला एक वर्ष उरलंय.

परवा मावशी हंडा घेऊन निघाल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, मॅडम, किती फिरता, बसा ना.

म्हटलं, आधी पाणी बसू द्या.