साहेब पार्टीचा चहा घेत नाहीत

रिजेक्टकाकांनी आयुष्यात एकच गोष्ट पहिल्या नजरेत पास केली, ती म्हणजे काकू. त्याबद्दलही काकूंचं म्हणणं असं, की मुलगी बघायला आले त्या दिवशी ह्यांचा चष्मा दुरुस्तीला गेला होता. बाकी सगळ्या जगाला काकांचा लाल टॅग. देवासच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर माल तपासला. खोट दिसली की लाल टॅग, नसली की हिरवा. निरोपसमारंभात शाल-नारळाबरोबर त्यांनी टॅगांची दोन बंडलं मागून घेतली आणि त्यानंतर आमच्या कॉलनीची धडगत राहिली नाही. मी त्यांची शेजारीण. मी पाठवलेला पुरणपोळ्यांचा डबा परत आला तो लाल टॅग बांधून, ‘कडा जाड’. मी चिडले. पुढच्या होळीला कडा पातळ लाटल्या, हेही खरं. काका जाऊन दोन वर्षं झाली, पण तो टॅग अजून माझ्या पोळपाटामागच्या खिळ्याला आहे.

अशा माणसाने घरात विमान बनवायला घेतलं. खेळण्यातलं नव्हे, दोन माणसं बसतील असं. परदेशाहून सुट्या भागांच्या पेट्या आल्या. कॉलनीतले लोक गालातल्या गालात हसत होते, की बनवतील खरे, पण शेवटी दारातून निघणार नाही आणि भिंत पाडावी लागेल. काका असं होऊ देतील? पेट्या मागवायच्या आधीच त्यांनी हॉलचं दार मोजलं, दाराला लाल टॅग बांधला आणि त्या जागी दुकानाला असतं तसं शटर बसवून घेतलं. आल्यागेल्याला काकू म्हणायच्या, “या, आत या. दुकान उघडंच आहे.”

काका मूळचे धारचे, किल्ल्याच्या पायथ्याशी पतंग उडवत वाढलेले. त्यांचं एकच म्हणणं होतं, “आपल्या हातच्या विमानातून किल्ल्याला एक फेरी मारायची, स्वतः चालवून. बस. मग देवाकडे आपलं काही मागणं नाही.” त्यासाठी दर रविवारी पहिली बस पकडून ते धारजवळच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकायला जात.

पण पहिल्याच आठवड्यात पंचाईत झाली. ज्याने वस्तू बनवली त्याने ती तपासायची नाही, हा काकांचा जन्माचा नियम. आणि काकांच्या मते देवासमध्ये तपासू शकणारा माणूस एकच होता. शेवटी त्यांनी स्वतःचीच वाटणी केली. एक दिवस बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घालून ते विमान बनवायचे. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून मागच्या दाराने बाहेर पडायचे आणि पुढे येऊन शटर वाजवायचे. काकूंनी शटर वर केलं, की म्हणायचे, “नमस्कार. काम बघायला आलोय.”

पहिल्या दिवशी काकूंनी सवयीने चहा आणला. शर्टातल्या काकांनी हात वर केला. “नको. आम्ही पार्टीचा चहा घेत नाही.”

“कोण पार्टी? मी?”

“ज्यांचा माल, ती पार्टी.”

मग शर्टात असताना चहाची तल्लफ आली की ते आमच्याकडे येत. आमचं पातेलं त्यांच्या नियमात बसत होतं.

दुसऱ्या दिवशी बनियनवर जेवताना ते शर्टातल्या साहेबांच्या नावाने बोटं मोडत. “खडूस आहे नुसता. तीस रिव्हेट काढायला लावले.”

“मग भांडा ना त्याच्याशी,” काकू म्हणायच्या.

“भांडून काय होणार? बरोबर असतो तो.”

या भानगडीत मी ओढले गेले ती बांगडीमुळे. रिव्हेट म्हणजे पत्र्याला पत्रा जोडणारी खिळी. एकाने बाहेरून ठोकायची आणि दुसऱ्याने आतून लोखंडाचा ठोकळा दाबून धरायचा. पंखाच्या आत जायला भोक एवढंसं. एक दिवस काका कुंपणापाशी आले. “बाई, तुम्हाला दोन-चारची बांगडी चढते का?” मी चढते म्हणाले. “मग या.” शाळेत मुलांना गणित शिकवून आले की संध्याकाळी माझा हात पंखात. एकदा ठोकळा निसटला. आतलं कोणाला दिसणार म्हणून मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी लाल टॅग, ‘बांगडी काढून काम करावे’.

पाचव्या वर्षी शेवटचा पंख आला आणि हॉल लाल टॅगांनी भरून गेला. भोकं तिरपी, खिळ्या वाकड्या. चूक माझी नव्हती. ठोकणारा हात हलत होता, ते मला आतून कळत होतं. त्या दिवशी साहेबांनी सगळा पंख तपासला, चष्मा पुसला आणि काकूंना हळूच म्हणाले, “त्यांना सांगा, हात कापतोय त्यांचा. मी सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल.”

दुसऱ्या दिवशी बनियनवर जेवायला बसल्यावर काकूंनी सांगितलं, “साहेब म्हणत होते, हात कापतोय.”

काका बराच वेळ भात कालवत राहिले. “बरोबर असतो तो,” म्हणाले. तो पंख पुढे मी ठोकला आणि ठोकळा काकूंनी धरला. पंख पास झाला त्या दिवशी आत डोकावले, तर विमानभर हिरवे टॅग होते आणि चालकाच्या सीटला एक लाल. त्यावर लिहिलं होतं, ‘चालक नापास’. मला रडू आवरेना. काकूंनी मला पाणी दिलं आणि तो टॅग तसाच राहू दिला.

विमान ट्रकमधून धारला गेलं. ड्रायव्हर धामनोदचा. पंख चढवताना त्याने विचारलं, “भिया, ये उड़ता है तो फिर मेरी गाड़ी में काय को जा रिया है?” काकांनी त्याच्या दोऱ्यांच्या गाठी तपासल्या आणि तिन्ही पुन्हा बांधायला लावल्या.

धावपट्टीवर शिकवणाऱ्या एका तरुण मुलीने विमान उडवलं. सुरुवातीच्या फेऱ्या तिने एकटीनेच मारायच्या होत्या. त्या झाल्यावर एका रविवारी सकाळी आम्हीही गेलो. काका इस्त्रीच्या शर्टात होते. ती म्हणाली, “आइए काका, दूसरी सीट आपकी है.”

“नहीं बेटा. मी तपासायला आलोय. साहेब पार्टीच्या विमानात बसत नाहीत.”

काकूंनी थर्मास खाली ठेवला. “मग साहेबांना इथेच राहू द्या. शर्ट काढा.”

“इथे? लोकांसमोर?”

“पाच वर्षं माझ्या हॉलमध्ये बनियनवर फिरलात, तेव्हा नाही लाज वाटली? काढा.”

काकांनी शर्ट काढला. बनियनवर, पांढरे केस उडवत ते विमानात चढले. विमान किल्ल्याकडे गेलं, वळलं, दिसेनासं झालं, परत दिसलं. काकू शर्ट छातीशी धरून उभ्या होत्या. एवढ्या इस्त्रीच्या शर्टाचा त्यांनी पार चुरगळा केला.

काका उतरले तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते. त्यांनी आधी शर्ट मागितला. घातला, वरपर्यंत बटणं लावली, पेन अडकवलं आणि पंखाला लाल टॅग बांधला, ‘किंचित डावीकडे ओढते’.

“काका, मज़ा नहीं आया?” त्या मुलीने विचारलं.

“उनको आया होगा,” काका म्हणाले. “बनियनवालों को.”

काकूंनी थर्मासमधून चहा ओतला आणि सवयीने कप माझ्यापुढे केला. साहेबांनी मध्येच हात घातला. हात कापत होता. अर्धा चहा इस्त्रीच्या शर्टावर सांडला. उरलेला साहेब उभ्याउभ्या, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.