सर्वांना हो म्हणणारा

मुलांनो, धारगळच्या आपल्या घरी जनरेटर बसवणाऱ्याला तुम्ही पाहिलं आहे. इस्त्रीचा शर्ट, खाली बघून बोलणं, आणि काहीही सांगा, उत्तर एकच: "जातलां, काकी." होईल, काकी.

मी म्हटलं, अंगणात ठेव, खिडक्यांपासून लांब, वर पत्रा घालून. "जातलां." शेजारच्या वहिनींनीही त्याच्याकडूनच जनरेटर घेतला; त्यांना चोरीची भीती, म्हणून त्यांनी तो आपल्या मागच्या बंद पडवीत बसवायला सांगितलं. तिथेही "जातलां."

मी त्याला फाटकात अडवलं. "अरे, त्या धुरातल्या विषाला वासही नसतो. माणूस झोपेतच जातं. त्यांना सांग."

"तेंची खुशी, काकी. चवथीच्या तोंडार कोणाचां मन कित्याक मोडूचां?"

मग मीच वहिनींना सांगितलं. त्या हसल्या. "बसवणाऱ्याक कळना, आणि तुका कळता?"

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दुपारी वीज गेली आणि त्यांच्या पडवीतला जनरेटर सुरू झाला. घरचे पुढे भजनाला बसले होते. वहिनी पडवीलगतच्या खोलीत जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत.

घराला सुतक लागलं. गणपतीला हात कोण लावणार? वहिनींच्या मुलाने त्या जनरेटरवाल्यालाच विचारलं. तो लगेच तयार झाला आणि मूर्ती जपून नेऊन विसर्जन करून आला. माणूस देवासारखा, असं सगळे म्हणाले.

परत आल्यावर त्याने कोणालाही न विचारता वहिनींच्या पडवीतला जनरेटर ओढत अंगणात नेला, धुराची नळी घरापासून पलीकडे वळवली, वर पत्रा टाकला. जागा शोधायला तो क्षणभरही थांबला नाही.