ताण दिलेली बाग

आमचे हे गेले, त्याच्या आदल्या संध्याकाळी नेहमीसारखं मोठ्यानं पवित्र शास्त्र, आमचं बायबल, वाचत होते. होशेय संदेष्ट्याचं पुस्तक चाललं होतं. आपल्या बेइमान लोकांवर देव रागावला, आता तो त्यांचे झरे आटवणार, मळे उजाड करणार, इथवर आले अन् म्हणाले, "उरलेलं उद्या वाचू." तो उद्या काही आला नाही. देवाचा शेवटचा शब्द माझ्या कानात राहिला तो असा, रागाचा. शास्त्र फळीवर ठेवलं ते ठेवलंच. प्रार्थनेला बसायची, पण बोलू काय?

अंजनगावाबाहेर आमची संत्र्याची बाग आहे. बहार यावा म्हणून आमच्याकडे झाडांना काही दिवस तहानलेलं ठेवतात, त्याला ताण देणं म्हणतात. जायच्या थोडं आधी ह्यांनीच पाणी बंद केलं होतं. नाताळ एकटीनंच झाला. पाणी सोडायचे दिवस आले अन् निघून चालले, माझा हात पंपाच्या बटणाकडे जाईना. पानं गळू लागली. गळू दे म्हटलं. देवानं माझं केलं, तेच झाडांचं. लाकूडवाल्याला निरोप धाडायचं मनानं घेतलंच होतं.

अशाच एका सकाळी एक फूलवाली फाटकात उभी. गाडी पंक्चर, पाणी मागत होती. तांब्या रिकामा करता करता तिनं बाग पाहिली.

"काहून हो माय, झाडं मारून राह्यल्या का?"

"मारत नाई. ताण देल्ला हाय."

"इतका? कोनता राग हाय तुमचा त्याहिच्यावर?"

मला हसूच आलं, किती दिवसांनी! "अवं, झाडावर कोन रागावते? फुलावं म्हनून तोडते पानी."

"मंग सोडा ना आता. फुलाच्या आंधी सरपन होईन त्याचं!"

गाडी ढकलत ती गेली. माझंच बोलणं माझ्या कानात राहिलं. मी पंप लावला. आळ्यांत पाणी चढताना फळीवरचं शास्त्र आणून बांधावर बसले, चष्मा पुसला अन् ह्यांनी सोडलं तिथून पुढं वाचलं. तोच देव त्याच लोकांना रानात नेऊन मायेनं बोलत होता. मळे परत देत होता. शेवटी तर म्हणत होता, मी दंवासारखा येईन अन् तुम्ही फुलाल. ह्यांना हे पुढचं ठाऊक होतं. म्हणूनच त्या रागाच्या पानावर शास्त्र मिटून ते निवांत झोपले.

ती बाई पुन्हा दिसली नाही. कोणी म्हणतं, देवदूत असेल. असेल बापा. पंक्चर मात्र खरं होतं, चाक मी पाहिलं.

काही झाडं गेली. बाकीची उशिरा फुलली, पण फुलली. घर अजून रिकामंच वाटतं. संध्याकाळी मी मोठ्यानं वाचते, ऐकणारं कोणी नसलं तरी. डोळे थकले की थांबते अन् म्हणते, "प्रभू, उरलेलं उद्या."