भाकरीवरचा निळा दगड

आमच्या सोसायटीत एक खडी-क्रशरचा मालक राहतो. त्याच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात कॅव्हन्साइट नावाचं खनिज आहे, पांढऱ्या स्फटिकांवर गर्द निळ्या सुयांचा गुच्छ. "वाघोलीच्या खाणीतला. हात लावू नका हं, सुया मोडतात," तो मला म्हणाला.

लाव्हा थिजताना राहिलेल्या पोकळीत हा निळा कधीकाळी अंधारात फुलला, कुणी बघावं म्हणून नव्हे. मग सुरुंग लागले. एक गुच्छ या कपाटात आला. बाकी किती निळं याच्या क्रशरनं भरडून आपल्या रस्त्यांखाली घातलं, कुणास ठाऊक. आणि हा मला नाजूकपणा शिकवतो!

"मग हा अख्खा कसा आला?" मी विचारलं.

तो हसला. "खाणीवर एक बाई होती. डब्यात भाकरीवर ठेवून घेऊन आली. मऊ लागतं ना याला!"

"नाव काय तिचं?"

"बाईचं? ते कोण लक्षात ठेवतंय!"

दगडाचं नाव पितळी पट्टीवर कोरलेलं होतं, खाली या मालकाचंही. मी चहा तसाच ठेवून उठलो.

ती भाकरी तिनं नंतर खाल्लीच असणार. तिच्या दाताखाली आलेली त्या दगडाची कच माझ्या तोंडातून अजून जात नाही.