सापडला का तुझा कण?

परदेशातली नेमणूक संपवून मी परंड्याला परत आले, तेव्हा वडिलांना, आबांना, विसर पडायला सुरुवात झाली होती. आबा वीज मंडळात लाईनमन होते. मी कणभौतिकीतली गणितं करायचे. आपल्याला माहीत असलेल्या प्रत्येक मूलकणाला एक जड जोडीदार असावा, असं एक फार देखणं गणित सांगत होतं. असलाच, तर युरोपातल्या, कणांची टक्कर घडवणाऱ्या त्या मोठ्या यंत्रात तो कसा फुटेल, मागं काय खुणा ठेवील, हे मी काढत बसायचे. पीएचडी त्यावरच, पुढं परदेशातली नोकरीही त्यावरच. आबांना एवढंच कळलं होतं की पोरगी काहीतरी शोधतीय. दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न तोच.

"सापडला का गं तुझा कण?"

"न्हाय आबा, अजून."

"सापडंल की. फॉल्ट घावंस्तोवर आमीबी लाईन चालतच जायचो."

तो सापडला नाही. यंत्राचे नवे निकाल यायचे आणि मी सांगितलेल्या जागी काहीच नाही असं निघायचं. मग आम्ही म्हणायचो, कण आणखी जड असेल. पुन्हा गणित, पुन्हा शोधनिबंध, पुन्हा काही नाही. सोबतचे पांगले. कुणी बँकेत गेलं, कुणी कंपनीत. मलाही पुढची नेमणूक मिळाली नाही. घरात माणूस गेलं तर लोक येऊन बसतात. माझं जे गेलं होतं, त्याला कोण येणार? आई तर खूश होती. जवळच्या कॉलेजात मला तासिका तत्त्वावर काम मिळालं, म्हणून तिनं शेजारी पेढे वाटले.

आबा आता रोज विचारायला लागले. चहा घेताना विचारायचे, जेवताना परत विचारायचे. मी "न्हाय" म्हटलं की पहिल्यांदाच ऐकल्यासारखा त्यांचा चेहरा पडायचा. ते बघवत नव्हतं. एका दुपारी मी तास घेऊन दमून आले होते. त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सापडला, आबा."

ते ताडकन उठले. आईला हाक मारली, "ऐकलंस का? पोरीचा कण सापडला! पौर्णिमेला करतीस तशी खीर कर!" मग मला समोर बसवून विचारलं, कसा सापडला? मीही सांगत गेले. किती जड निघाला, खुणा कशा अगदी गणिताप्रमाणं उमटल्या, पहिला आलेख बघून सगळे कसे उभे राहिले. सांगताना मला इतकं बरं वाटलं की मी थांबलेच नाही.

मी तोंड धुवून आले तर आबा माझे कपडे पिशवीत भरत होते.

"आता तिकडं लई काम असंल. हितं काय करतीस? चल, कुर्डुवाडीची गाडी गाठू, तिथनं रेल्वे."

आईनं अडवलं, मी अडवलं. ऐकेनात. पिशवी घेऊन ते तरातरा स्टँडवर गेले आणि मी मागं. गाडी लागलेलीच होती. ते कंडक्टरला सांगायला लागले, "आमची लेक हाय, शास्त्रज्ञ. तिला खिडकीची जागा द्या." तेव्हा मी त्यांचा हात धरला आणि बाकड्यावर बसवलं.

"आबा, म्या खोटं बोलले. न्हाय सापडला."

"मग सापडंल की."

"न्हाय सापडायचा आता. असं वाटतंय."

"गणित चुकलं व्हय?"

"गणित बरोबर हाय, आबा. पण जगात तसं न्हाय."

गाडी निघून गेली. मग आबा पिशवीवर हात फिरवत म्हणाले, "लई वरसं घातलीस गं." आणि रडायला लागले. माझ्या त्या कणासाठी माझ्यासोबत रडलेलं ते एकच माणूस.

घरी येईपर्यंत ते सगळं विसरले होते. आईनं खीर वाढली तेव्हा त्यांनी विचारलं, "आज काय हाय?"

त्यानंतर त्यांनी कणाचं कधी विचारलं नाही. पुढं पुढं मला ओळखेनासे झाले. आता "बाई" म्हणतात, कॉलेजातली पोरं म्हणतात तसं. आईला वाटतं, बरं झालं, पोरीला तो त्रास नको. पण मी सकाळी त्यांच्यापुढं चहा ठेवते आणि लगेच आत जात नाही. थोडी थांबते. ते माझ्याकडं बघतात, परक्या माणसाशी बोलावं तसं नम्रपणे म्हणतात, "बसा की, बाई," आणि बशीत चहा ओततात.